दसऱ्याआधी त्या गावी जाऊन ये

“ताई, माझे वय २४ आहे. मी मूळची अंबाजोगाई तालुक्यातली, गेली दोन वर्षे पुण्यात एका प्रायोगिक नाट्यसंस्थेत सहायक दिग्दर्शक म्हणून काम करते. आमचे नवे नाटक ऊसतोड करणाऱ्या बायकांवर आहे आणि दिवाळीनंतर त्याचा पहिला प्रयोग आहे. भाग माझा, म्हणून बायकांशी बोलण्याचे काम माझ्यावर सोपवले गेले. मी ११ जणींचे बोलणे फोनमध्ये ध्वनिमुद्रित केले. त्यांतल्या एकीने सांगितलेली गर्भाशय काढल्याची हकीकत आता गावाच्या आणि मुकादमाच्या नावासकट, जशीच्या तशी, नाटकात स्वगत म्हणून आली आहे. तिला मी ‘माहिती गोळा करते आहे’ एवढेच सांगितले होते. तालमीत त्या स्वगतातली बोली ऐकून बाकीचे हसतात. मी हे बोलून दाखवले, तेव्हा ‘आधी सहायकाचे काम शीक, सामाजिक भान नंतर’ असे उत्तर मिळाले. घरचे बी.एड. कर म्हणतात. समाजाचे भान ठेवून या क्षेत्रात उभे राहता येते का, की सोडून द्यावे? — विंगेतली एक”

प्रिय मुली,

तू मला ताई म्हटले आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते. तुझ्या पत्रात त्या बाईची गोष्ट आधी आली आहे आणि तुझ्या भवितव्याची नंतर. मीही त्याच क्रमाने उत्तर देते, कारण पहिल्या प्रश्नाला मुदत आहे आणि दुसऱ्याला अजून पुष्कळ वर्षे आहेत.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, त्या कोयत्याने हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एका दिवसाचा खाडा पडला तरी दंड भरावा लागतो आणि पुढच्या वर्षीची उचल मागायलाही बहुधा त्याच दारात जावे लागते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा रंगमंचावर मुकादमाचे नाव उच्चारले गेले, कोणी फोनवर त्याचे चित्रण केले आणि ते गावात पोचले, तर त्याची किंमत नाटक करणाऱ्यांपैकी कोणालाही मोजावी लागणार नाही. ती त्या एका घराला मोजावी लागेल. म्हणून गावाचे आणि मुकादमाचे नाव काढणे ही कलात्मक मतभेदाची गोष्टच नाही, आणि दिग्दर्शकांशी बोलताना तू ती तशी मांडूही नकोस. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली देशभर गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे खरे आहे. पण विषय जाहीर झाला म्हणून प्रत्येक बाईची हकीकत जाहीर झाली असे होत नाही. तिने ती तुला सांगितली, कारण तू तिच्या भागातली होतीस, तिच्या बोलीत बोलत होतीस आणि कदाचित तिने पुढे केलेला चहा तू घेतला होतास. हा विश्वास संस्थेवर टाकलेला नव्हता, तुझ्यावर टाकलेला होता. यात चूक तुझीही आहे, आणि तुला ती टोचते आहे याचा मला आनंद आहे.

माझी एक चूक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका वस्तीवरच्या नाटकाला सहायक होते. घरातल्या वस्तू जमवण्याचे काम माझ्याकडे होते. गरिबाचे घर दिसले पाहिजे म्हणून मी भांडी ठोकून पोचे पाडले, काजळी लावली आणि मांडणीवर वेडीवाकडी रचली. पहिल्या प्रयोगाला आम्ही त्या वस्तीतल्या काही बायकांना बोलावले होते. प्रयोगानंतर त्यांतली एक शांतपणे म्हणाली, “नाटक चांगलं आहे, पण आमची भांडी अशी नसतात.” त्यानंतर मी तिच्या घरी गेले. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीवर स्टीलच्या डब्यांची आणि ताटांची रांग होती, राखेने घासून लखलखीत केलेली. घरात आल्या आल्या नजर तिकडेच जावी अशी. तिचा सगळा अभिमान त्या भिंतीवर होता आणि मी रंगमंचावर नेमकी तीच भिंत काळी केली होती. संहितेत त्या बायकांविषयी एकही अपमानाचे वाक्य नव्हते. अपमान सहायकाने केला होता, नेपथ्याच्या वस्तूंच्या यादीतून.

म्हणूनच ‘सामाजिक भान नंतर’ हे मला मान्य नाही. सहायकाच्या वाट्याला येणारी बहुतेक कामे अशीच असतात, जिथे हे भान वापरले जाते किंवा हरवते. भांडी कोणती आणायची, कोणाच्या बोलण्याची नक्कल खपवून घ्यायची, रात्री तालीम किती वाजता थांबवायची म्हणजे हडपसरला राहणाऱ्या मुलीला शेवटची बस मिळेल, सेट लावणाऱ्या माणसांना चहा नटांच्या आधी मिळतो की नंतर, हे बहुधा सहायकच ठरवतो. दिग्दर्शकाला पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो.

त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मात्र मनावर घे. तालमीची वही तुझ्याइतकी चोख कोणाचीच नसावी. कोण कोठून येतो, कोणत्या शब्दावर उठतो, कोणते वाक्य कोणत्या तारखेला कापले, प्रकाशाचा आणि संगीताचा क्यू कोठे आहे, हे सगळे तुझ्याकडे लिहिलेले असले की तुझे म्हणणे भावनेच्या भरात केलेली तक्रार म्हणून झटकून टाकता येत नाही. या स्वगतातली कोणती वाक्ये तिच्या तोंडची आहेत, कोणती लेखकाची आहेत आणि कोणत्या तपशिलावरून ती बाई ओळखू येते, हे वहीत तीन रंगांत खुणा करून दिग्दर्शकांना एकटीने भेट. सगळ्यांसमोर बोललीस तर त्यांना स्वतःचा बचाव करावा लागेल आणि मुद्दा बाजूला पडेल. चार गोष्टी माग: नावे आणि खुणा बदलाव्यात, स्वगत तिला वाचून दाखवावे, तिने नको म्हटलेला मजकूर काढावा, आणि संस्थेने मानधनातला वाटा त्या बायकांना द्यावा. आपल्याकडे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मंजूर झालेली संहिताच करायची असते, त्यामुळे हे बदल प्रत पाठवण्याआधी होणे सोयीचे आहे. दिग्दर्शकांना हा व्यवहार्य मुद्दा पटकन पटेल.

बोलीचे हसू थांबवण्यासाठी उपदेशाचा उपयोग होत नाही. त्या स्वगताच्या तालमीला काही दिवस फक्त ती अभिनेत्री आणि तू बसा. तुझे ध्वनिमुद्रण तिला ऐकवण्यापूर्वी बाईची परवानगी घे. ती मिळेपर्यंत तू स्वतः तुझ्या आईच्या, मावशीच्या बोलण्याची लय तिला दे. हसू येते ते बहुधा शब्दांमुळे येत नाही, हेल वाढवून म्हटल्यामुळे येते. हेल उतरला आणि वाक्याच्या शेवटी ती बाई जिथे श्वास घेते तिथे अभिनेत्रीने श्वास घेतला, की तालमीची खोली आपोआप गप्प होईल.

हे अवास्तव आहे असे कोणी म्हणाले, तर २०१२ सालाची आठवण करून दे. त्या वर्षी अतुल पेठे यांनी गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन उभे केले, आणि त्याच वर्षी राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या कलावंतांनी गाजवले. ज्यांच्याविषयी बोलायचे तेच रंगमंचावर आले आणि नाटक म्हणूनही ती सरस ठरली. महात्मा फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले आणि ते नाकारले गेले, तेव्हापासूनची ही वाट आहे. तू तिच्यावर एकटी नाहीस.

दिग्दर्शकांनी सगळेच नाकारले, तर काय? तर तुझे नाव काढून घे, नाटक सोड, आणि त्या बाईला स्वतः जाऊन सांग की तिची हकीकत वापरली जाते आहे. याची झळ तुला लागेल. पुण्यातले नाट्यवर्तुळ लहान आहे आणि ‘भांडखोर’ हा शिक्का काही काळ सोबत राहील. तरीही सोड. फक्त हे आधी समाजमाध्यमांवर लिहू नकोस, कारण त्यामुळे जिला झाकायचे तीच उघडी पडेल. मला मात्र वाटते की तू वही घेऊन गेलीस तर ते ऐकतील. त्यांना विषय महत्त्वाचा वाटला म्हणूनच त्यांनी तो घेतला आहे.

आता पोटाचा प्रश्न. प्रायोगिक रंगभूमीवर सहायकाचे घर चालत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. व्यावसायिक नाटकात सहायकाला ‘नाईट’, म्हणजे प्रयोगामागे मानधन, मिळते, आणि पहिल्या काही प्रयोगांनंतर दिग्दर्शक पुढच्या कामाला लागला की नाटक ताठ ठेवणे, नट बदलला तर नव्याला उभे करणे, हे काम सहायकाकडेच येते. वर्षभर असे एखादे नाटक सांभाळ. रिप्लेसमेंटच्या तालमी घेताना जितके दिग्दर्शन शिकायला मिळते तितके दुसरीकडे क्वचितच मिळते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी आहे. दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळतात आणि अर्ज सीसीआरटी या त्याच मंत्रालयाच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेमार्फत मागवले जातात. तुझ्या हातात फार वेळ उरलेला नाही, त्यामुळे जाहिरातीवर लक्ष ठेव. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय यांचा विचार जरूर कर, पण आत्ताच्या तिढ्यातून पळ काढण्यासाठी करू नकोस. आणि बी.एड.ला शत्रू मानू नकोस. अंबाजोगाईसारख्या ठिकाणी शाळेत शिकवणारी, मुलांना घेऊन नाटक बसवणारी आणि हंगामात मागे राहिलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना तालमीत ओढणारी बाई मला पुण्यातल्या दहा सहायकांपेक्षा कमी वाटत नाही. ही वाट निवडायची की नाही हे तू ठरव, पण ती हार समजून निवडू नकोस. सध्याच्या संस्थेकडून दोन गोष्टी लेखी घे: माहितीपत्रकात ‘सहायक दिग्दर्शक’ म्हणून नाव, आणि प्रवासखर्च.

हे सगळे सावकाश होईल. गावी जाणे मात्र या पंधरवड्यात व्हायला हवे. दसरा झाला की टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील आणि ती बाई मार्च-एप्रिलपर्यंत तुला घरी भेटणार नाही. संध्याकाळची स्वयंपाकाची वेळ टाळून दुपारी जा, तिच्या नवऱ्यासमोर किंवा शेजाऱ्यांसमोर विषय काढू नकोस, आणि संहिता तिच्या हातात न देता तू स्वतः तिला वाचून दाखव, सावकाश, तुमच्या बोलीत. वाचून झाल्यावर लगेच ‘चालेल ना?’ असे विचारू नकोस. रात्री तिथेच मुक्काम कर आणि सकाळी विचार.

तुझी,
ताई