कीलच्या बोल्टांभोवतीचा गंज

प्रश्न : मुंबईत नांगरलेली फायबरग्लासची जुनी शिडाची नौका आम्ही विकत घेतली आहे. तळात साचलेले पाणी उपसताना कीलच्या (नौकेच्या तळाखाली बोल्टांनी जोडलेल्या जड कण्याच्या) दोन नटांभोवती तांबूस गंज दिसला. तो घासून रंग लावावा का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कृपया रंग लावू नका, कारण त्याने आतल्या झिजेची खूणच झाकली जाईल. अशा बोल्टांचे स्टेनलेस स्टील क्रोमियमच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे टिकते आणि त्या थराला प्राणवायू लागतो. नौकेचा तळ आणि कील यांच्या सांध्यातील जुने सीलंट (फट बुजवणारा लेप) सुटले, की तेथे खारे पाणी कोंडते, क्लोराइड तो थर फोडते आणि वरून चकचकीत दिसणारा बोल्ट आत, सांध्यातल्या मधल्या भागात, झिजून बारीक होत जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत गेटच्या बिजागरीवर चढणाऱ्या गंजासारखा हा वरवरचा प्रकार नव्हे.

तळ कोरडा पुसून दुसऱ्या दिवशी पाहा. नटाच्या वॉशरखालून तांबूस पाणी पुन्हा पाझरले, तर नौका किनाऱ्यावर चढवून सांधा तपासावा आणि सर्वांत खराब बोल्ट जाणकाराकडून काढून घ्यावा. तो झिजलेला निघाला, तर सगळेच बोल्ट बदलावेत. नट जोराने आवळण्याचा मोह टाळा. झिजलेला बोल्ट तेवढ्यानेही तुटतो. तपासणी होईपर्यंत नौका समुद्रात नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.