घर सासऱ्यांच्या नावावर, मग माझा हक्क कुठला?

माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बायका मारहाणीचं नंतर बोलतात, आधी घराचं विचारतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, बाहेर काढलं तर काय करायचं? हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की एक केस सविस्तर सांगतेच.

तिला सुनंदा म्हणू, नाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत. सासर सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडचं. त्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून पार केरळ-तामिळनाडूपर्यंत पसरलेली. हिचा नवरा पण तामिळनाडूत. लग्नानंतर सहा वर्षं ती तिकडंच होती, मार पण तिकडंच खाल्ला, भाषा येत नाही तर शेजारी सांगणार कुणाला, मग दोन पोरं झाल्यावर तिला गावी सासू-सासऱ्यांजवळ आणून सोडलं आणि दिवाळीला आला तेव्हा भांडण काढून रात्री अकराला पोरांसकट बाहेर काढलं, आतनं कडी. ती माहेरी आली, तासगाव तालुक्यात, आणि पंधरा दिवसांनी चुलतीबरोबर माझ्याकडं.

"मॅडम, उताऱ्यावर सासऱ्यांचं नाव हाय. माझं काय चालतंय तिथं? आन केस करायला तामिळनाडूला जायला लागंल न्हवं?"

इथं माझं चुकलं. मी सरळ पोलिसांचं नाव काढलं आणि ती उठायलाच लागली. नवऱ्याला जेलात घालायचं नव्हतं तिला, धंदा बसला तर पोरांना खायला कोण घालणार हा तिचा हिशोब. चुलतीनं हात धरून बसवली म्हणून पुढचं बोलणं झालं.

मग नीट सांगितलं. 498 अ म्हणतात ती सासरच्या छळाची फौजदारी केस वेगळी (1 जुलै 2024 पासून ते कलम भारतीय न्याय संहितेत 85 झालंय) आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा. ह्यात अर्ज केला म्हणून कुणी जेलात जात नाही. मॅजिस्ट्रेट ऑर्डर देतात की मारायचं नाही, त्रास द्यायचा नाही, घरातनं काढायचं नाही, खर्च द्यायचा. संरक्षणाची ती ऑर्डर मोडली तर मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि अर्ज कुठं? बाई सध्या राहते तिथं, तात्पुरती राहत असली तरी. मार तामिळनाडूत खाल्ला असेना, अर्ज तासगावच्या कोर्टात चालतो. हे ऐकून चुलतीच म्हणाली, "आधी ठावं असतं तर एवढं दिवस कशाला घालवलं असतं!"

आता घराचं. उतारा कुणाच्याही नावावर असू दे, ती सून म्हणून ज्या घरात नांदली तिथं राहायचा हक्क कायदा देतो. पूर्वी सासऱ्यांच्या मालकीचं घर म्हटलं की कोर्टात अडचण यायची, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं आहुजा केसमध्ये सांगितलं की नवऱ्याच्या नातेवाइकांच्या मालकीचं असलं तरी ते सामाईक घर, म्हणजे सुनेला राहायचा हक्क असलेलं घर, ठरू शकतं. पण नीट ऐका, हा राहायचा हक्क आहे, मालकीचा नाही. म्हातारा-म्हातारीचं पण कोर्ट बघतं. आणि त्याच घरात राहणं जमत नसेल तर दुसरीकडं सोय करा नाहीतर भाडं द्या, अशी पण ऑर्डर मागता येते.

सुनंदानं तेच निवडलं. "त्याच घरात जाऊन रातचं कडी कोण लावतंय बघत झोपू व्हय?" म्हणाली. मला पटलं. हक्क आहे म्हणून परत जायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

ह्याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी डीआयआर, म्हणजे काय काय घडलं त्याचा अहवाल, भरला, वकील विधी सेवा प्राधिकरणाकडनं फुकट मिळाला, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिच्याकडं कागद म्हणजे सरकारी दवाखान्याचा एक केसपेपर आणि भावाला केलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, तेवढ्यावर सुरुवात झाली. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, प्रत्यक्षात तसं होत नाही, खोटी आशा कशाला दावू? हिची अंतरिम ऑर्डर, म्हणजे निकालाआधीची तात्पुरती, यायलाच चार महिने गेले. तोवर माहेरी भावजयीची तोंडं बघत काढले तिनं. रात्री-बेरात्री मारहाण होत असेल तर मात्र अर्जाची वाट बघायची नाही, 112 ला नाहीतर महिला हेल्पलाईन 181 ला फोन लावायचा.

ऑर्डरमध्ये महिन्याचा खर्च, विट्यात दोन खोल्यांचं भाडं आणि सासूच्या कपाटातलं तिचं चार तोळं परत करायचं असं आलं, स्त्रीधन ते, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. दागिने दिले तेव्हा तिनं तिथल्या तिथं वजन करायला लावलं. अर्धा तोळा कमी. नवरा सवयीनं म्हणाला, घट आली असंल.

"गाळलंच न्हाई तर घट कुठनं आली ओ?" म्हणाली. वकिलानं तो अर्धा तोळा पण लिहून घेतला.