जुने बॅकअप उडवण्याआधी एवढं बघ

अरे, महापेच्या ऑफिसात सर्व्हर तुझ्या ताब्यात दिलाय ना, मग डिस्क ९५ टक्के भरली म्हणून घाईघाईत जुन्या फाइल्स उडवू नकोस. सगळे करतात तसं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) "७ दिवसांपेक्षा जुनं ते डिलीट" असं टाकून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही, कारण नवीन बॅकअप काही कारणाने बंद पडला तरी डिलीटवाली स्क्रिप्ट रोज इमानेइतबारे चालतच राहते आणि आठवड्याभरात फोल्डर रिकामं, तोवर कोणाला पत्ताही नसतो. म्हणून दिवसांवर नको, संख्येवर जा. रोजचे शेवटचे ७, आठवड्याचे शेवटचे ४, महिन्याचे शेवटचे १२ एवढे बॅकअप ठेव, आणि नवीन बॅकअप नीट झाला असेल तरच जुना काढायचा.

इन्क्रिमेंटल बॅकअप (मागच्या वेळेनंतर जेवढं बदललं तेवढंच) घेत असशील तर अजून जपून हं, त्यांचा फुल बॅकअप गेला की पुढचे सगळे भंगार.

रेस्टिक हे बॅकअपचं टूल वापरत असशील तर नुसती फॉरगेट कमांड देऊन जागा सुटत नाही, फक्त स्नॅपशॉट (त्या वेळचा बॅकअप) यादीतून जातो, प्रून कमांड दिल्यावरच डिस्क मोकळी होते. आधी ड्राय रन (खरं काही न उडवता नुसती चाचणी) मारून काय उडणारे ते डोळ्यांनी वाच.

आणि अकाउंट्सवाल्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या डेटाला हात लावू नकोस, कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशोबाची वह्यापुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार लॉग (सिस्टिममध्ये काय काय झालं त्याच्या नोंदी) १८० दिवस. हे दोन्ही वेगळ्या जागी ठेव, जुने बॅकअप काढायच्या रोजच्या रोटेशनमध्ये मिसळू नकोस.

महिन्यातून एकदा बॅकअपमधून डेटा रिस्टोर करून बघ, प्लीज.