सोल्डर वायर कुठली घ्यावी: आधी ६३/३७, मग फ्लक्स, मग जाडी

तू लिहिलंयस की सोल्डरिंग किटसोबत आलेल्या, पार्ट बोर्डाला जोडायच्या तारेचा नुसता गोळा होतो, बिटला (आयर्नच्या टोकाला) चिकटून बसतो, पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) पसरतच नाही, म्हणून सोल्डरिंग आयर्न ४२० डिग्रीपर्यंत नेलंस तर पॅडच उखडून आलं. आणि आता विचारतोयस की आपला हातच वाईट आहे का, आणि नवीन वायर घ्यायची तर लेडवाली (शिसं असलेली) की लेड-फ्री, आणि किती जाड. हाताचं नंतर बघू, आधी ती तार बाजूला ठेव आणि परत बोर्डाला लावू नकोस. मी बऱ्याच नवीन लोकांना शेजारी बसवून सोल्डरिंग शिकवलंय, आणि रडकुंडीला आलेल्या कितीतरी जणांचे जोड फक्त तार बदलल्यावर त्याच दिवशी सुधारलेले बघितलेत, त्यामुळे स्वतःला दोष देऊन हे सोडून देऊ नकोस.

थेट उत्तर हवं असेल तर ६३/३७, आत रोझिन फ्लक्स (सोल्डर पसरायला मदत करणारी राळ), ०.७ किंवा ०.८ मिमी, १०० ग्रॅमचं रीळ, आणि ज्या कंपनीची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) उघडून वाचता येते अशाच कंपनीचं. आता का ते सांगतो.

६३/३७ म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं. या प्रमाणाची खासियत अशी की ते बरोबर १८३ डिग्रीला वितळतं आणि तिथेच गोठतं, मधली अवस्था नाही. ६०/४० मध्ये १८३ ला मऊ पडायला सुरुवात होते पण पूर्ण पातळ व्हायला साधारण १९० लागतात, आणि थंड होतानाही तेवढ्या पट्ट्यात ते चिखलासारखं असतं, ना घट्ट ना पातळ. त्या क्षणी रेझिस्टरचा पाय जरासा जरी हलला तरी जोड आतून तडकतो आणि वरून खरबरीत, मळकट दिसतो. ६०/४० वाईट अजिबात नाही, सराईत माणूस आयुष्यभर त्यावर काम करू शकतो, पण नवीन हाताला स्थिर धरायची सवय नसते तेव्हा ६३/३७ खूप सांभाळून घेतं. नाव जवळजवळ सारखं दिसतं म्हणून लोक दुकानात फरक विचारत नाहीत, तू विचार.

खरी अडचण वेगळीच आहे. कथील महाग, शिसं स्वस्त, त्यामुळे लेबलवर ६३/३७ छापून आत भलतंच प्रमाण असलेली रिळं सर्रास मिळतात. मी स्वतः एकदा घाईत असं बिननावाचं रीळ घेतलं आणि अ‍ॅम्प्लिफायरचा अख्खा बोर्ड त्याने भरला, सगळे जोड राखाडी, मला वाटलं बिट जुनं झालंय म्हणून मी तापमान वाढवत गेलो, आणि दोन महिन्यांनी एका चॅनेलचा आवाज बोर्डवर टकटक केलं तरच यायला लागला. शेवटी एकेक जोड उपसून परत केला तेव्हा मिटलं. त्या दिवसापासून नवीन रीळ आलं की आधी चाचणी, मगच काम. तापमान सेट करता येणारं स्टेशन असेल तर २१५-२२० वर ठेव, बिट स्वच्छ पुसून घे आणि तार टेकव. खरी ६३/३७ लगेच पाण्यासारखी पळते आणि चकचकीत दिसते. कथील कमी असेल तर ती लापशीसारखी ओढली जाते, कारण कथील ४०% पर्यंत खाली आलं की पूर्ण पातळ व्हायलाच २३० च्या पुढे जावं लागतं. तुझी तार बहुतेक याच जातीची असणार.

दुसरी चाचणी फ्लक्सची, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. नवीन ब्लेडने तार सरळ काप (पक्कड वापरलीस तर टोक दाबलं जाऊन काही दिसणार नाही) आणि भिंगातून बघ, मधोमध पिवळसर-तपकिरी ठिपका दिसला पाहिजे, काही चांगल्या तारांत असे तीन किंवा पाच ठिपके असतात. मग वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे वितळवून बघ. एखाद्या तुकड्याला धूरच आला नाही, वासही नाही, तर तेवढ्या लांबीत फ्लक्स भरलाच गेलेला नाही, आणि तिथे गोळाच होणार.

कारण फ्लक्सशिवाय सोल्डर तांब्याला धरत नाही. तांब्यावर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असतो, वितळलेलं सोल्डर त्याच्यावर पसरत नाही, गोळा होऊन बसतं. फ्लक्स तो थर काढतो आणि गरम असेपर्यंत हवा लागू देत नाही. रोझिन म्हणजे पाइनच्या झाडाची राळ, थंड असताना ती निरुपद्रवी असते, गरम झाली की काम करते, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सला ती चालते आणि बोर्डवर थोडी राहिली तरी बिघडत नाही. चिकट वाटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पुसून टाक. वजनात फ्लक्स साधारण २ टक्के असला की हाताने सोल्डर करायला छान, १ टक्क्यावर आला की तुला वेगळा फ्लक्स लावत बसावं लागेल. डेटाशीटवर आरओएल-० किंवा आरओएल-१ असं लिहिलेलं असतं, त्यात आरओ म्हणजे रोझिन, एल म्हणजे सौम्य, शेवटचा आकडा हॅलाइडचा (फ्लक्सला तेज करणाऱ्या क्लोराइडसारख्या क्षारांचा). जुने, जरा काळे पडलेले पार्ट असतील तर थोडा तेज फ्लक्स बरा, केस्टर कंपनीची ४४ ही तार लोकांना इतकी आवडते ती त्याच्यामुळेच.

आणि अ‍ॅसिड कोअर (आत आम्लाचा फ्लक्स असलेली तार) कधीही नाही, म्हणजे कधीही नाही. पाइप आणि पत्रा जोडायची ती तार असते, त्यात झिंक क्लोराइड वगैरे असतं, जोड सुंदर बसतो आणि मग काही आठवड्यांत ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) हिरवे पडून खाल्ले जातात. वॉटर सोल्युबल (पाण्यात विरघळणारा) फ्लक्स असेल तर काम झालं की नीट धुवायलाच लागतो, सुरुवातीला तो नादच नको.

लेड-फ्रीचं थोडक्यात. वस्तू युरोपात विकायची असेल तर आरओएचएसचा (इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशासारखे घातक पदार्थ रोखणारा) नियम १ जुलै २००६ पासून लागू आहे, तिथे पर्याय नाही. सॅक ३०५ (कथील, चांदी आणि तांब्याचं लेड-फ्री मिश्रण) साधारण २१७ ते २२० ला वितळतं, साधं कथील-तांबं २२७ ला, म्हणजे बिट जास्त गरम लागतं आणि झिजतंही लवकर, आणि जोड चांगला असूनही फिका दिसतो त्यामुळे नवीन माणसाला ओळखताच येत नाही. स्वतःच्या प्रोजेक्टवर शिकायचं तर लेडवाली घे. फक्त शिशाची काळजी मनापासून घे: काम झालं की साबणाने हात धू, त्या टेबलावर खाणंपिणं नको, आणि तिसरा हात नाही म्हणून तार दातात धरायची सवय तर लावूच नकोस. आयर्नच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, धूर राळेचा असतो, पण तोही रोज छातीत गेला तर दमा होऊ शकतो, म्हणून छोटा पंखा धूर तुझ्यापासून लांब ओढेल असा लाव.

जाडीत फार अडकू नकोस. साध्या छिद्रांच्या बोर्डाला ०.७-०.८, एसएमडी पार्टना (छिद्राशिवाय थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक पार्टना) ०.५ किंवा त्याहून बारीक, जाड वायरी आणि मोठ्या कनेक्टरला १ मिमी. एकच घेणार असशील तर ०.७.

नवीन तार आली की आयर्न ३३०-३५० वर आण. बिट पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकव, एक सेकंद थांब, मग तार जोडावर लाव, बिटवर नको. तार बिटवर वितळवून मग जोडापर्यंत नेलीस तर वाटेतच फ्लक्स जळून जातो आणि चांगल्या तारेचाही गोळाच होतो. दोन-तीन सेकंदांत जोड झाला पाहिजे. जुने जोड नवीन सोल्डर वरून ओतून झाकू नकोस, डिसोल्डरिंग विकने (सोल्डर शोषून घेणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीने) पूर्ण उपस आणि मगच परत कर. उखडलेल्या पॅडचं असं कर, ट्रॅकवरचा हिरवा थर ब्लेडने हळूच खरवड, तांबं दिसलं की त्यावर थोडं सोल्डर चढव आणि पार्टचा पाय वाकवून थेट तिथेच जोड. बोर्ड वाचेल.