नॅनोचा बाजार: पावडर घेण्याआधी

या महिन्याच्या निम्म्याअधिक पत्रांत ‘नॅनो’ शब्द आहे, पण माल नेमका कशाचा हे बहुतेकांनी लिहिलेलंच नाही. नॅनो हे माप आहे, मालाचं नाव नव्हे.

प्रश्न: नॅनो म्हणजे नक्की किती बारीक?

1 ते 100 नॅनोमीटर. आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो.

प्रश्न: नॅनोपदार्थांची बाजारपेठ प्रचंड वाढणार, असा अहवाल वाचला. निवृत्तीच्या पैशातून शेअर घ्यावेत का?

अहवालवाल्यांनी काय काय मोजलंय ते आधी बघा. युरोपियन कमिशनने 2012 मध्ये जगाची उलाढाल 1 कोटी 10 लाख टन आणि 2,000 कोटी युरो धरली होती. त्यात सिंहाचा वाटा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) आणि सिलिकाचा (वाळूतल्या मूळ द्रव्याची पूड), म्हणजे टायरमध्ये कित्येक वर्षं पडणाऱ्या मालाचा. नव्या मालाचं गणित निराळं. कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्यांचा, बोलबाला 1991 पासून, तरी मोठं गिऱ्हाईक दिसेना म्हणून बायर या जर्मन कंपनीने 2013 मध्ये तो धंदा सोडला. आज त्याच नळ्या लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये जातात. भविष्य आहे, पण ते तुमच्या मुदतीत येईलच असं नाही. नोंदणीकृत सल्लागाराला विचारा, पुतण्याला नको.

प्रश्न: एमआयडीसीत रंगांचं छोटं युनिट आहे. एक जण ग्राफीन पावडरची जिल्हा एजन्सी देतोय. 12 लाख डिपॉझिट. महिनाअखेरपर्यंतच ऑफर आहे.

मुदतीची घाई विकणाऱ्याला असते, तुम्हाला कशाला? ग्राफीन म्हणजे कार्बनचा अणूभर जाडीचा थर; असे असंख्य थर एकावर एक रचले की ग्रॅफाइट. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ काळ्या पावडरची पुडी घेऊन माझ्याकडे आले. सोबत गुळगुळीत ब्रोशर, त्यावर 2010 च्या नोबेलचा उल्लेख. नोबेल ग्राफीनवरच्या कामासाठी गाइम आणि नोवोसेलोव या शास्त्रज्ञांना मिळालं होतं, त्या पुडीला नव्हे! एक्स-रे डिफ्रॅक्शनला, म्हणजे क्ष-किरणांनी आतली रचना बघणाऱ्या चाचणीला लावली, तर आलेखात साडेसव्वीस अंशांवर भाल्यासारखा सुळका. ही ग्रॅफाइटची खूण. पेन्सिलीत असतं तेच, जरा बारीक दळलेलं. गृहस्थांनी डिपॉझिट आधीच भरलं होतं.

हे एकट्या त्यांचं नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जगभरच्या 60 कंपन्यांचा माल पाहिला, तर बहुतेकांत खरं ग्राफीन 10 टक्क्यांहूनही कमी निघालं. थर 10 पर्यंत असतील तरच त्याला ग्राफीन म्हणायचं; त्यापुढे ग्रॅफाइटच. म्हणून पुरवठादाराकडे तीन गोष्टी मागा: रामन (लेझरच्या प्रकाशाने पदार्थ ओळखणारी चाचणी), थरांची संख्या, प्रत्येक बॅचचा रिपोर्ट. ‘ते गोपनीय आहे’ म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या. रिपोर्ट दिला तरी पोत्यातला नमुना स्वतः काढून त्रयस्थ प्रयोगशाळेत पाठवा. पावडर खरी निघाली तरी ती रंगात नीट पसरली नाही तर गुठळ्या होतात आणि पैसे डब्याच्या तळाशी बसतात, तेव्हा 1 किलोची चाचणी आधी, एजन्सी नंतर. करारावर सही करण्याआधी वकील आणि सीए, दोघांनाही दाखवा.

प्रश्न: दुकानदार युरियाच्या गोणीबरोबर नॅनो युरियाची बाटली घ्यायलाच लावतो. एक बाटली म्हणजे एक गोणी, हे खरं का?

हे लिंकिंग झालं. बिल घ्या आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. हिशेब मात्र घरीही करता येईल. 2021 मध्ये आलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 20 किलो 700 ग्रॅम. पुढे बाटलीतला टक्का वाढवला, पण हिशेब ग्रॅममध्येच राहिला. पानातून नत्र चांगलं शोषलं जातं, हा विकणाऱ्यांचा मुद्दा. असेल. पण गोणीतलं निम्मं वाया गेलं तरी 10 किलो उरतं! शेजाऱ्याच्या उसाकडे बघून डोस ठरवू नका. माती परीक्षण करा आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारा.

प्रश्न: गाडीला ‘आजन्म’ नॅनो कोटिंग करावं का?

आजन्म कोणाचं, गाडीचं की दुकानाचं? वॉरंटी लेखी घ्या.

प्रश्न: आम्ही नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड उघड्यावरच तोलतो, तोंडाला रुमाल बांधून. एका कामगाराला तीन महिने खोकला आहे. काही करायला हवं का?

तीन महिने! रुमालाने ही धूळ अडत नाही. त्याला आजच छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि तोलाईचं काम तोवर बंद ठेवा.