घरची बिअर फ्रीझरमध्ये अर्धवट गोठवली तर कडक होते का? मालवणात पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा काय करावं?

होते, पण फेणीइतकी नाही. पाणी ०° सेल्सियसला गोठतं, अल्कोहोल उणे ११४°ला. त्यामुळे बर्फ होतो तो मुख्यतः पाण्याचा. गोळा चोखला की सरबत आधी येतं आणि काडीला पांढरा बर्फ उरतो, तसंच. ५ टक्क्यांच्या बिअरमधून निम्मा बर्फ काढला तर हिशोबाने १० टक्के, प्रत्यक्षात कमीच, कारण बर्फाच्या सुयांत बिअर अडकते. जर्मनीतली आइसबॉक नावाची कडक बिअर याच रीतीने करतात. काचेची बाटली नको, फुटते. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा बरा. वीज गेली तर लगेच गाळून घ्या, नाहीतर वितळलेलं पाणी परत बिअरमध्येच. मुळात बिअर चांगली हवी: यात पाण्याशिवाय काही निघत नाही, म्हणून कडूपणा वाढतो, आणि आपल्या दमट हवेत ती आंबली असेल तर आंबटपणाही. मात्र महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हाच १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे; गोठवणं पुढची गोष्ट.