दोनदा ब्रश करूनही तोंडाला वास येतो

प्रश्न: डॉक्टर, माझं वय ३६. दिवसातून दोनदा ब्रश करतो, माउथवॉश पण वापरतो, तरी तोंडाला वास येतोच. बायकोने सांगितल्यापासून ऑफिसात कोणाशी बोलताना हात आपोआप तोंडावर जातो. पोट साफ नसेल म्हणून होतं असं सगळे म्हणतात, त्यामुळे चार महिने रोज रात्री चूर्ण घेतोय, काडीचा फरक नाही. काय करू?
एक वाचक, सातारा

उत्तर: फक्त ह्यासाठी घेत असाल तर चूर्ण बंद करा. पोटातला वास ढेकर आला की वर येतो, एरवी अन्ननलिकेचं तोंड मिटलेलं असतं, आणि अशा दहा पेशंटपैकी आठ-नऊ जणांचं मूळ तोंडातच सापडतं. तेही बऱ्याचदा दातात नाही तर जिभेवर, अगदी मागे, जिथे ब्रश गेला की उमासा येतो म्हणून आपण सोडून देतो.

आज रात्री एक करून बघा. स्टीलचा चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढा, वर जो पिवळट थर येईल तो थोडा सुकू द्या आणि वास घ्या. साधारण तोच वास समोरच्याला येतो.

जीभ म्हणजे टर्किश टॉवेल समजा, त्या बारीक लवेत अन्नाचे कण, झडलेल्या पेशी, नाकातून घशात उतरलेला शेंबूड असं सगळं अडकतं आणि खाली हवा पोचत नाही, तिथे ऑक्सिजन न लागणारे बॅक्टेरिया मजेत वाढतात. ते प्रोटीन खातात. प्रोटीनमधल्या सिस्टीन नावाच्या घटकातून गंधक सुटलं की हायड्रोजन सल्फाइड होतो, सडक्या अंड्याचा वास, आणि मिथिओनीन ह्या दुसऱ्या घटकातून मिथाइल मरकॅप्टन नावाचा वायू. सिलिंडरचा गॅस लीक झालेला कळावा म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन घालतात ना, हा त्याचाच सख्खा भाऊ, म्हणून इतकुसा असला तरी नाकात भरतो. रात्री लाळ कमी सुटते, तोंड धुतलं जात नाही, म्हणून सकाळी जास्त. उपासाला पाणी कमी प्यायलं तरी तेच.

माउथवॉश वरवरून निघून जातो, थर तसाच राहतो, आणि अल्कोहोलवाला असेल तर तोंड अजून कोरडं पडू शकतं. झिंकवाला घ्या, झिंक गंधकाला धरून ठेवतं. क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक असलेला माउथवॉश मात्र मनाने महिनोन्‌महिने वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. मुख्य काम टंग क्लीनरचं: श्वास सोडत मागून पुढे, चार-पाच वेळा, रक्त येईल इतकं जोरात नाही. (लसणाच्या चटणीचा वास ह्याने जाणार नाही, तो रक्तातून फुफ्फुसात येतो, वेळ गेला की आपोआप जातो.)

ब्रश करताना रक्त येत असेल तर हिरड्या दाखवाच, तिथेही हेच बॅक्टेरिया असतात. खाकरताना पांढरे घाण वासाचे खडे पडत असतील तर ते टॉन्सिलमधले, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. नाहीतर दोन आठवडे हे नीट करा आणि मग बायकोलाच विचारा, स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला धड कळत नाही.